नेत्रतपासणीला जाताना : बाड हॉम्बुर्ग परिसरातील मराठी कुटुंबांसाठी माहिती

बाड हॉम्बुर्ग हे टाउनुस डोंगरांच्या पायथ्याचे, औषधी झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर होखटाउनुस जिल्ह्याचे मुख्यालय आहे. एस-५ या लोकलगाडीने ते फ्रांकफुर्टशी जोडलेले आहे. फ्रेझेनियससारख्या कंपन्यांच्या मुख्यालयांमुळे आणि फ्रांकफुर्टच्या बँकांच्या सान्निध्यामुळे येथे आणि शेजारच्या ओबरउर्झेलमध्ये भारतीय नोकरदार कुटुंबे स्थिरावली आहेत. दिवसाचे आठ-दहा तास पडद्यासमोर घालवणाऱ्या या वर्गाची डोळ्यांविषयीची सवय मात्र बहुधा जुनीच असते. वर्षा-दोन वर्षांनी पुण्या-मुंबईस जावे, ओळखीच्या दुकानात नंबर काढून घ्यावा, दोन चष्मे करून आणावेत आणि डोळे तपासून झाले असे समजावे.

नंबर काढणे आणि डोळे तपासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नंबर काढताना डोळ्याला स्पष्ट दिसण्यासाठी कोणती काच लागते, एवढेच ठरते. डोळा निरोगी आहे की नाही हे त्यातून कळत नाही. काचबिंदू झालेल्या माणसालाही तक्त्यावरची शेवटची ओळ कित्येक वर्षे अचूक वाचता येते. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणारे आरंभीचे बदल रुग्णाला जाणवतही नाहीत. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. म्हणून जर्मनीतील नेमाची नेत्रतपासणी कशी होते, तिचा खर्च कोण देतो आणि स्वागतकक्षात पुढे केलेल्या कागदावर सही करावी की नाही, याची माहिती आधीच असलेली बरी.

कोणाकडे जावे

जर्मनीत डोळ्यांच्या संदर्भात दोन वेगळे व्यवसाय आहेत. ‘आउगेनआर्त्स्ट’ म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर नेत्ररोगात विशेष प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर. ‘आउगेनऑप्टिकर’ म्हणजे चष्मे तयार करणारे प्रशिक्षित कारागीर. लुइझेनश्ट्रासे या मुख्य बाजाररस्त्यावर दिसणारी चष्म्याची दुकाने या दुसऱ्या वर्गातली. त्यांच्याकडे नंबर उत्तम काढला जातो. अनेकदा तो विनाशुल्क किंवा अल्प शुल्कात मिळतो आणि त्यासाठी फार थांबावे लागत नाही. काही दुकानांत डोळ्याचा दाब मोजण्याचे आणि दृष्टिपटलाचे छायाचित्र घेण्याचे यंत्रही असते. मात्र रोगनिदान करण्याचा आणि औषध देण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांना आहे. दुकानात काही संशयास्पद आढळले, तर आपणास डॉक्टरांकडेच पाठवले जाते.

आपले वय चाळिशीच्या आत असेल, कोणतीही तक्रार नसेल आणि फक्त चष्मा बदलायचा असेल, तर ऑप्टिकरकडे जाणे पुरेसे आहे. मात्र पुढीलपैकी काहीही लागू असेल तर डॉक्टरांची वेळ घ्यावी : चाळिशी उलटलेली असणे, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असणे, मधुमेह, उणे सहाच्या पलीकडचा नंबर, दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड, डोळ्याला पूर्वी झालेली दुखापत. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनीही औषध सुरू करताना एकदा आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने दृष्टिपटल तपासून घ्यावे.

वेळ कशी मिळते

नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यासाठी घरच्या डॉक्टरांची ‘उबरवाइझुंग’, म्हणजे शिफारसपत्र, लागत नाही. दवाखान्यात दूरध्वनी करून किंवा ऑनलाइन नोंदणी करून थेट वेळ घेता येते. नव्या रुग्णाला नेमाच्या तपासणीसाठी अनेक आठवडे, प्रसंगी काही महिने थांबावे लागते. त्यामुळे डोळा लाल झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा एखाद्या दवाखान्यात आपली नोंद आधीच असणे हिताचे ठरते. जुन्या रुग्णाला अडचणीच्या वेळी लवकर सामावून घेतले जाण्याची शक्यता अधिक असते.

वेळ मिळतच नसेल, तर ११६११७ या क्रमांकाच्या सेवेकडे मागणी नोंदवता येते. सरकारी आरोग्यविमा असलेल्यांना ही सेवा एखाद्या तज्ज्ञाची वेळ मिळवून देते. नेत्रतज्ज्ञासाठी येथेही शिफारसपत्राची अट नाही. मात्र डॉक्टर निवडता येत नाही, दवाखाना शेजारच्या गावातही असू शकतो आणि पुढे ढकलता येण्याजोग्या नेमाच्या तपासणीला चार आठवड्यांची कालमर्यादा लागू होत नाही.

सोबत काय न्यावे

विम्याचे कार्ड, सध्या वापरात असलेले सर्व चष्मे, जुन्या तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची यादी. औषधांची नावे लिहिताना व्यापारी नावाऐवजी मूळ द्रव्याचे नाव लिहावे. भारतातील आणि जर्मनीतील व्यापारी नावे जुळत नाहीत. टिमोलॉल किंवा लॅटानोप्रोस्ट असे लिहिलेले असेल, तर जगातल्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला ते समजते.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्सची डबी आणि चष्मा बरोबर ठेवावा. तपासणीत वापरल्या जाणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याने मऊ लेन्सवर डाग पडतात, म्हणून ती आधी काढावी लागते. कडक लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो. नंबर काढायचा असल्यास ती किती दिवस आधी बंद ठेवायची, हे वेळ घेतानाच विचारून ठेवावे.

भारतात लेसर करून नंबर घालवलेल्यांनी ही गोष्ट न विसरता सांगावी. अशा शस्त्रक्रियेत बुबुळाचा पारदर्शक थर पातळ होतो आणि त्यामुळे डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो. शिवाय नंबर गेला तरी लांबट डोळ्याचे दृष्टिपटल तसेच राहते. उणे आठचा नंबर असलेला डोळा लेसरनंतरही उणे आठचाच डोळा असतो आणि त्याला असलेला पडदा सुटण्याचा धोका कमी होत नाही.

मोटारीने जाणे टाळावे. त्याचे कारण पुढे येईल.

तपासणी कशी होते

आरंभी प्रश्न विचारले जातात : तक्रार काय, घरात कोणाला डोळ्यांचा आजार होता का, मधुमेह, रक्तदाब, दमा आहे का. घरातील इतिहास विचारला असता आपण सहसा ‘विशेष काही नाही’ असे उत्तर देतो. जाण्यापूर्वी आईवडिलांना एकदा नेमके विचारावे. ‘आजोबांना शेवटी दिसत नव्हते’ या वाक्यामागे मोतीबिंदू होता की काचबिंदू, यावर आपली तपासणी किती खोलवर व्हावी हे ठरते.

त्यानंतर दृष्टीची तीक्ष्णता पाहिली जाते. भारतात ती ६/६, ६/९ अशी लिहितात, तर जर्मनीत ‘विझुस’ या नावाने दशांशात लिहितात. ६/६ म्हणजे १.०, ६/१२ म्हणजे ०.५ आणि ६/६० म्हणजे ०.१. जर्मन कागदावर दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, हेही लक्षात ठेवावे. तक्त्यावर अक्षरांऐवजी अंक किंवा एका बाजूने उघडी असलेली वर्तुळेही असतात. या वर्तुळांना ‘लान्डोल्ट वलय’ म्हणतात. वलयाचे तोंड वर, खाली, डावीकडे की उजवीकडे आहे, तेवढेच सांगायचे असते. जर्मन अक्षरांचे उच्चार येत नसले तरी अडत नाही. ‘ओबेन’ म्हणजे वर, ‘उन्टेन’ म्हणजे खाली, ‘लिंक्स’ म्हणजे डावीकडे आणि ‘रेष्ट्स’ म्हणजे उजवीकडे. हाताने खूण केली तरी चालते.

यंत्रात डोकावून दूरचे चित्र पाहताना नंबराचा अंदाज घेतला जातो. मग काचा बदलत ‘आधीची बरी की आताची?’ असे विचारून तो निश्चित होतो. दोन्ही सारख्या वाटल्या तर ‘ग्लाइश’, म्हणजे सारख्या, असे निःसंकोच सांगावे. ही परीक्षा नव्हे. ओढूनताणून दिलेल्या उत्तराने नंबर चुकतो आणि नव्या चष्म्याने डोके दुखते.

यानंतर हनुवटी टेकवून बसायचे ते यंत्र म्हणजे स्लिट लॅम्प. प्रकाशाची बारीक फट डोळ्यावर टाकून डॉक्टर पापण्या, बुबुळ, बाहुली आणि भिंग मोठे करून पाहतात. मोतीबिंदूची सुरुवात, कोरडेपणा आणि पापण्यांच्या कडांची सूज येथे दिसते.

डोळ्याचा दाब दोन प्रकारे मोजतात. एका यंत्रातून डोळ्यावर हवेचा फुंकारा येतो. दचकायला होते, पण दुखत नाही. दुसऱ्या पद्धतीत बधिर करणारा थेंब आणि पिवळे रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात एक लहान टोक बुबुळाला अलगद टेकवतात. बर्न येथील नेत्रतज्ज्ञ हान्स गोल्डमान यांच्या नावाची ही पद्धत अधिक विश्वसनीय मानली जाते. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका दाब सर्वसामान्य समजला जातो. मात्र दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होऊ शकतो आणि दाब थोडा अधिक असूनही कित्येकांना तो होत नाही. म्हणून ‘दाब मोजला, ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिमज्जा जेथे सुरू होते, ते स्थान पाहिल्याशिवाय काचबिंदूची तपासणी पूर्ण होत नाही.

ते पाहण्याचे साधन जर्मन भूमीतच जन्मले. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचे अंतरंग डॉक्टरांना नीट पाहता येत नव्हते. दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या उघड्या दिसत असल्याने मधुमेह आणि रक्तदाब यांचे परिणामही येथे वाचता येतात.

थेंब घातल्यावर

दृष्टिपटलाच्या कडा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. पंधरा-वीस मिनिटांत बाहुली विस्फारते. पुढचे चार ते सहा तास, काहींना त्याहून अधिक काळ, जवळचे वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही. या काळात वाहन चालवू नये, यंत्रावर काम करू नये. परत जाताना आ-६६१ महामार्ग धरण्याऐवजी बस किंवा एस-५ धरावी. काळा चष्मा जवळ असावा. हिवाळ्यातल्या खालून येणाऱ्या तिरप्या उन्हातही तो लागतो. त्या दुपारी कार्यालयात परतून बैठका ठेवल्या, तर पडद्यावरची अक्षरे दिसणार नाहीत. वेळ शक्यतो दुपारची घ्यावी.

तीव्र डोळेदुखीचे झटके पूर्वी आले असतील किंवा दिव्यांभोवती रंगीत वलये दिसली असतील, तर थेंब घालण्यापूर्वी सांगावे. डोळ्यातील पाण्याचा निचरा होणारा कोन अरुंद असेल, तर बाहुली विस्फारल्यावर दाब एकाएकी वाढू शकतो. अरुंद कोनाचे प्रमाण आशियाई वंशाच्या लोकांत युरोपीयांपेक्षा अधिक आहे.

तो कागद : सही करावी की नाही

सरकारी विमा असलेल्यांना बहुतेक दवाखान्यांत डॉक्टरांना भेटण्यापूर्वी एक कागद दिला जातो. काचबिंदूची पूर्वतपासणी करून घ्यायची असल्यास तिचा खर्च आपण स्वतः द्यावा, अशा अर्थाचा तो मजकूर असतो. ‘नको’ या पर्यायासमोरही सही करण्याची सोय असते. या स्वखर्चाच्या सेवांना ‘ईगेल’ म्हणतात. शुल्क साधारण २० ते ४० युरो असते. दृष्टिपटलाचे थर दाखवणारी ओसीटी ही प्रतिमा घ्यायची असल्यास ते शंभर युरोंच्या आसपास जाते.

पहिल्यांदा हा कागद हाती आला की गोंधळ होतो. नकार दिला तर डॉक्टर नीट तपासणार नाहीत, अशी भीती वाटते. किंवा उलट, हा पैसे काढण्याचा प्रकार आहे, असे वाटते. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे.

सरकारी विमा तक्रार, आजार किंवा ठोस संशय असेल तेव्हा तपासणीचा खर्च देतो. काहीही लक्षण नसताना केवळ खबरदारी म्हणून केलेली काचबिंदूची चाचणी त्यात येत नाही. विमासंस्थांच्या वैद्यकीय सेवेतर्फे चालवला जाणारा ‘ईगेल-मॉनिटर’ अशा सेवांचे मूल्यमापन करतो. सर्वांची सरसकट काचबिंदू तपासणी करण्याला त्याने अनुकूल शेरा दिलेला नाही. अशा तपासणीने अंधत्व टळते, याचा पुरेसा पुरावा त्याला आढळत नाही. नेत्रतज्ज्ञांची संघटना मात्र चाळिशीनंतर ही तपासणी करावी, असे सांगते. मतभेद प्रामाणिक आहे.

घरात काचबिंदूचा इतिहास नाही, नंबर मोठा नाही, वय चाळिशीच्या आत आहे, तर नकार देण्यात काही चूक नाही. त्यामुळे आपल्या मूळ तक्रारीच्या तपासणीत उणेपणा येता कामा नये. याउलट आई किंवा वडिलांना काचबिंदू असेल, तर ही माहिती आधी डॉक्टरांच्या कानावर घालावी आणि विचारावे : ‘माझ्या बाबतीत ही तपासणी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे का? मग ती विम्यातून होईल का?’ संशय ठोस असेल, तर ती विम्याचीच बाब ठरते. नसेल, तर वीस-तीस युरो खर्च करावेत की नाही हा निर्णय शांतपणे घ्यावा. घाईने सही करण्याचे बंधन नाही. कागद घरी नेता येतो. स्वखर्चाच्या सेवेसाठी आधी लेखी संमती आणि नंतर रीतसर बिल, या दोन्ही गोष्टी मिळाल्या पाहिजेत.

खासगी विमा असलेल्यांना बिल थेट घरी येते. ते आधी भरून नंतर विमाकंपनीकडून परतावा घ्यायचा असतो. काय मिळते हे करारावर अवलंबून आहे.

चष्म्याचा खर्च

प्रौढांच्या चष्म्याचा खर्च २००४ पासून सरकारी विमा सर्वसाधारणपणे देत नाही. २०१७ मध्ये यात थोडी सवलत झाली. उणे किंवा अधिक नंबर सहापेक्षा जास्त असेल किंवा सिलिंडर चारपेक्षा जास्त असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काचांसाठी ठरावीक रक्कम मिळते. फ्रेमचा खर्च आपलाच. अठरा वर्षांखालील मुलांच्या काचांसाठीही ठरावीक रक्कम मिळते.

नोकरदारांना एक हक्क फारसा माहीत नसतो. पडद्यावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेत्रतपासणीची संधी देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ही तपासणी बहुधा कंपनीचे डॉक्टर करतात. नेहमीचा चष्मा पडद्याच्या अंतरासाठी पुरत नाही असे त्यात आढळले, तर कामासाठी लागणाऱ्या खास चष्म्याचा आवश्यक खर्च मालकाने द्यायचा असतो. चाळिशी लागलेल्यांना याचा विशेष उपयोग आहे. आपल्या भाषेने वाचनाच्या चष्म्याला वयाचेच नाव दिले, ते उगीच नव्हे. त्या वयात डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अंधूक दिसू लागते. वाचनाचा चष्मा सुमारे चाळीस सेंटिमीटरसाठी असतो, तर पडदा साठ-सत्तर सेंटिमीटरवर. दोन्हींतले काहीच नीट न दिसल्याने मान पुढे काढून बसण्याची सवय लागते आणि दुखणे मानेचे समजले जाते.

वाहनपरवाना

भारतीय परवान्यावर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच वाहन चालवता येते. पुढे जर्मन परवाना घेताना लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षेबरोबर दृष्टिचाचणीचे प्रमाणपत्र लागते. ते ऑप्टिकरकडेही मिळते आणि शुल्क दहा युरोंच्या आत असते. नेहमीच्या मोटारीसाठी प्रत्येक डोळ्याची दृष्टी, हवे तर चष्म्यासह, किमान ०.७ हवी. चष्मा लावून चाचणी दिली, तर परवान्यावर तशी नोंद होते आणि विनाचष्मा वाहन चालवणे हा नियमभंग ठरतो. ०.७ भरली नाही, तर नेत्रतज्ज्ञाकडे सविस्तर तपासणी होते. हे प्रमाणपत्र म्हणजे नेत्रतपासणी नव्हे. त्यात डोळ्याच्या आत कोणी पाहिलेले नसते.

मुले आणि आईवडील

मुलांच्या नियमित बालतपासण्यांपैकी तिसऱ्या ते पाचव्या वर्षांतील तपासण्यांत दृष्टी पाहिली जाते आणि शाळाप्रवेशापूर्वी आरोग्यखातेही ती पाहते. एका डोळ्याचा नंबर मोठा असून लक्षात आला नाही, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र दुर्लक्षू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. उपचार शाळेच्या आरंभीच्या वर्षांपर्यंत अधिक परिणामकारक असतात. मूल दुसऱ्या डोळ्याने व्यवस्थित पाहत असल्याने घरात कोणाला शंका येत नाही. डॉक्टरांनी ‘झेशूले’त पाठवले तर दचकू नये. शब्दाचा अर्थ ‘दृष्टिशाळा’ असला तरी ती अंधशाळा नव्हे, तर तिरळेपणा आणि आळशी डोळा यांवर काम करणारा विभाग आहे. मुलांचा नंबर काढताना घातलेल्या थेंबांचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंतही राहू शकतो. त्या दिवशी शाळेत चिठ्ठी द्यावी.

भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचा प्रवासविमा नेमाच्या तपासणीसाठी नसतो. तो अचानक उद्भवलेल्या आजारापुरता असतो. त्यांची तपासणी निघण्यापूर्वी भारतात करून घ्यावी. काचबिंदूचे थेंब चालू असतील, तर मुक्काम पुरेल इतका साठा आणि मूळ द्रव्याच्या नावाची चिठ्ठी बरोबर द्यावी. ‘डोळे तर चांगले आहेत’ म्हणून थेंब मध्येच थांबवणे ही या आजारातली सर्वांत घातक चूक आहे. थेंब दृष्टी सुधारण्यासाठी नसून आहे ती टिकवण्यासाठी असतात.

दोन शब्दांचा घोटाळा

जर्मन बोलीत मोतीबिंदूला ‘ग्राउअर श्टार’, म्हणजे करडा श्टार, आणि काचबिंदूला ‘ग्र्यूनर श्टार’, म्हणजे हिरवा श्टार, म्हणतात. नावे सारखी असली तरी आजार पूर्ण वेगळे आहेत. करडा श्टार शस्त्रक्रियेने दूर होतो आणि दृष्टी परत मिळते. हिरव्या श्टारमध्ये तसे होत नाही. डॉक्टरांच्या तोंडी ‘श्टार’ ऐकल्यास रंग कोणता, हे विचारून घ्यावे. आणखी काही शब्द : ‘नेट्सहाउट’ म्हणजे दृष्टिपटल, ‘आउगेनइननड्रुक’ म्हणजे डोळ्याचा दाब, ‘गेझिष्ट्सफेल्ड’ म्हणजे दृष्टिक्षेत्र, ‘ट्रोप्फन’ म्हणजे थेंब, ‘बेफुंड’ म्हणजे तपासणीचा निष्कर्ष.

केव्हा थांबू नये

पुढील लक्षणे दिसल्यास ठरलेल्या वेळेची वाट पाहू नये : डोळ्यासमोर एकाएकी विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे दिसणे किंवा बाजूने पडदा सरकत येणे (पडदा सुटत असल्याची शक्यता), डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, दिव्यांभोवती वलये आणि उलटी (दाब एकाएकी वाढल्याची शक्यता), सरळ रेषा वाकड्या दिसू लागणे, रसायन डोळ्यात जाणे. रसायनाच्या बाबतीत आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, दूरध्वनी नंतर. दवाखाने बंद असताना ११६११७ वर मार्गदर्शन मिळते. फ्रांकफुर्टच्या विद्यापीठ रुग्णालयात नेत्रविभाग आहे. दृष्टी अचानक गेली आणि सोबत बोलणे अडखळत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर तो पक्षाघात समजून ११२ फिरवावा.

पुन्हा केव्हा

मधुमेहींनी निदान झाल्यावर लगेच आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी दृष्टिपटल तपासून घ्यावे. (पहिल्या प्रकारच्या मधुमेहात पहिली तपासणी काही वर्षांनंतर असते.) ही तपासणी विम्यातून होते. त्यासाठी ईगेलचा कागद पुढे आला, तर मधुमेह असल्याचे सांगावे. इतरांनी चाळिशीत एकदा पूर्ण तपासणी करून पुढचे अंतर डॉक्टरांनाच विचारावे.

निघताना निष्कर्षाची प्रत मागून घ्यावी. ती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. डोळ्याचे बदल एका तपासणीत नव्हे, तर दोन तपासण्यांच्या तुलनेत दिसतात. २०२५ चा दाब आणि दृष्टिमज्जेचे चित्र हाती असेल, तरच २०३० मधला फरक कळेल. पुण्यात एकदा, बाड हॉम्बुर्गला एकदा आणि मधल्या बदलीच्या गावी एकदा, अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या तपासण्यांतून असा फरक कोणालाच दिसत नाही. सर्व कागद एका धारिकेत ठेवावेत आणि भारतात किंवा येथे, जेथे जाल तेथे ती धारिका बरोबर न्यावी.